मोटारगाडीतील पंखा आणि त्याच्या बिघाडाचे निदान

उजव्या हाताला सुकाणूचाक असलेल्या मोटारगाडीत, डावीकडील सामानाच्या कप्प्यामागे, बहुधा एक लहानसा विजेचा पंखा दडवून बसविलेला असतो. गॅरेजमधील कारागीर त्याला ‘ब्लोअर’ म्हणतात. तो फिरत असेपर्यंत त्याच्या अस्तित्वाची कोणी दखल घेत नाही. तो थांबला म्हणजे उन्हाळ्यात वातानुकूलन बंद पडल्यासारखे वाटते आणि हिवाळ्यात हीटर बंद पडल्यासारखा वाटतो; गाडीच्या मालकाची समजूत होते की, दोन यंत्रे बिघडली. वस्तुतः बिघाड एकच असतो, कारण थंड हवा आणि गरम हवा या दोहोंनाही पुढे लोटणारा पंखा एकच आहे.

ही एकत्र मांडणी आरंभापासून नव्हती. अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९३९ साली, पुढील वर्षीच्या नमुन्याच्या गाड्यांसाठी, कारखान्यातच बसविलेले वातानुकूलन विक्रीस आणले. हवा थंड करणारा भाग मागील आसनाच्या पाठीमागे होता व चालकाच्या हाती नियंत्रण काय ते पंख्याच्या बटणाचे. थंडीच्या ऋतूत यंत्राचा पट्टाच काढून ठेवावा लागे. पुढे १९५४ मध्ये नॅश कंपनीने हीटर आणि शीतयंत्र ही दोन्ही गाडीच्या पुढील भागात एकत्र आणली. त्यानंतर हीच पद्धत सर्वत्र रूढ झाली. भारतातील रस्त्यांवर आजही धावणाऱ्या पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या बहुतेक लहान गाड्यांत, जेथे पंख्याची गती हाताने फिरवावयाच्या बटणाने ठरते तेथे, हीच रचना आढळते.

पंखा बंद पडणे ही केवळ सुखसोयीची बाब नव्हे. स्वस्थ बसलेला मनुष्य श्वासावाटे व त्वचेवाटे तासाला सुमारे ४० ग्रॅम पाणी बाष्परूपाने बाहेर टाकतो. चौघांचे मिळून ते मिनिटाला अडीच ग्रॅमांहून अधिक होते. २० अंश सेल्सिअस तपमानाच्या एका घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅमच बाष्प मावते. म्हणजे लहान गाडीच्या अडीच घनमीटर पोकळीत जेमतेम ४३ ग्रॅम. आरंभी ती हवा दोन-तृतीयांश दमट असली, तर खिडक्या मिटलेल्या गाडीत पाच-सहा मिनिटांत ती बाष्पाने तुडुंब भरते. काच हवेहून थंड असल्याने तिच्यावर दव त्याही आधी जमू लागते. भर पावसात घाट चढणाऱ्या किंवा जानेवारीत शिमल्याच्या वाटेवरील गाडीत हा प्रकार चालकाला काही क्षण आंधळा करतो. वातानुकूलन यंत्र हवेतील पाणी गाळून टाकते, हीटर ती कोरडी हवा उबदार करतो आणि पंखा ती काचेवर सोडतो. यांतील पंखा गळाला की उरलेली दोन्ही यंत्रे सुस्थितीत असूनही निरुपयोगी ठरतात. समोरची काच पुसण्यासाठी एक हात सुकाणूवरून काढणारा चालक घाटात किती सुरक्षित असतो, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

हवेचा मार्ग

निदानाच्या आरंभी एकच प्रश्न विचारावयाचा असतो: हवा येत नाही, की हवा येते पण हवी तशी गरम वा थंड नाही? पुष्कळ पैसा हा प्रश्न न विचारल्यामुळे खर्च होतो. हवा जोराने येत असून ती थंड नसेल, तर दोष शीतयंत्राकडे आहे. ती गरम होत नसेल, तर इंजिनाचे पाणी कमी झाले आहे, थर्मोस्टॅट उघडा राहिला आहे किंवा हीटरकडे जाणारे पाणी कोठेतरी अडले आहे. पंखा या दोन्ही बाबतींत निर्दोष होय.

हवाच कमी येत असेल तर कानाचा उपयोग करावा. पंख्याचा आवाज नेहमीसारखा भरदार असून झोत मात्र क्षीण असेल, तर अडथळा हवेच्या वाटेत आहे. ही वाट पुढच्या काचेच्या तळाशी असलेल्या जाळीपासून सुरू होते. तेथून हवा पंख्यात येते, मग शीतयंत्राच्या नळ्यांच्या वेटोळ्यावरून, ज्याला कारागीर ‘कूलिंग कॉइल’ म्हणतात, आणि त्यानंतर हीटरच्या लहानशा रेडिएटरवरून वाहत जाऊन निरनिराळ्या झडपांवाटे बाहेर पडते. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत कडुनिंबाची वा गुलमोहराची पाने जाळीतून आत शिरतात. हवा गाळण्याचे कापड असेल, तर ते धुळीने गच्च होते. उंदीर तर या पोकळीला घरकुलाची आयती जागाच समजतात.

एक विशेष लक्षण मात्र फसवे आहे. गाडी निघताना झोत उत्तम असतो, अर्ध्या-पाऊण तासाने तो हळूहळू मंदावतो, आणि थोडा वेळ गाडी उभी राहिली की पुन्हा पूर्ववत होतो. येथे कूलिंग कॉइलवर बर्फ साचलेला असतो व त्याने हवेची वाट बुजते. वातानुकूलनाचे बटण बंद करून पंखा तसाच चालू ठेवला, की पंधरा-वीस मिनिटांत बर्फ वितळून झोत परत येतो. हीच त्याची कसोटी. बर्फ साचण्यास तपमान-नियंत्रकाचा दोष, प्रशीतक वायूची उणीव किंवा खुद्द पंख्याची मंद गती यांपैकी काहीही कारणीभूत असू शकते. तेव्हा ‘गॅस गेला असेल, भरून घ्या’ हा सर्रास मिळणारा सल्ला तपासणीवाचून स्वीकारू नये. प्रशीतक वायू हाताळण्याचे काम योग्य साधने असलेल्या कारागिराचेच आहे. तो उघड्या हवेत सोडून देणे वातावरणालाही अपायकारक असते.

विजेचा मार्ग

आवाजच येत नसेल, किंवा काही गतींवर येतो व काहींवर येत नाही असे असेल, तर विजेच्या मार्गाकडे वळावे. बॅटरीपासून निघालेला प्रवाह फ्यूजमधून, किल्लीने नियंत्रित होणाऱ्या रिलेमधून पंख्याच्या मोटरीत येतो. तेथून तो रोधकात, रोधकातून गतीच्या बटणात आणि बटणातून गाडीच्या लोखंडी सांगाड्यात उतरतो. सांगाडा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असल्याने मंडल पूर्ण होते. काही गाड्यांत बटण मोटरीच्या आधी असते. मात्र जपानी धर्तीच्या अनेक गाड्यांत ते वर सांगितल्याप्रमाणे मोटरीच्या पुढे, सांगाड्याच्या बाजूला असते. येथील विवेचन त्या रचनेस अनुसरून आहे.

रोधक म्हणजे काय ते जरा तपशिलाने पाहिले पाहिजे, कारण पंख्याच्या तक्रारींत त्याचे नाव वारंवार येते. चिनीमातीच्या अथवा प्लॅस्टिकच्या तुकड्यावर बसविलेली धातूच्या तारेची दोन-तीन वेटोळी, एवढेच त्याचे स्वरूप. बटण सर्वांत कमी गतीवर असताना प्रवाह सर्व वेटोळ्यांतून जातो. गती वाढवावी तसतशी एकेक वेटोळी मार्गातून वगळली जातात, आणि सर्वाधिक गतीवर रोधकाचा संबंधच उरत नाही. मंद गतीत जी वीज मोटरीला द्यावयाची नाही ती हा रोधक उष्णतेच्या रूपाने उधळून टाकतो. पद्धत उधळी खरी, परंतु स्वस्त आहे.

आकडे घेतले म्हणजे गोष्ट स्पष्ट होईल. समजा, इंजिन चालू असताना विद्युत् दाब १४ व्होल्ट आहे, रोधकाचा एकूण रोध २ ओहम आहे आणि सर्वांत मंद गतीत ४ अँपिअर प्रवाह वाहतो. मग रोधकावर ८ व्होल्ट खर्च होतात, मोटरीस ६ व्होल्ट मिळतात, आणि रोधकात ३२ वॉट उष्णता निर्माण होते. लहानशा डागणीच्या इस्त्रीला पुरेल एवढी ही उष्णता आहे. म्हणूनच रोधक मुद्दाम पंख्याच्या झोतात बसविलेला असतो. पंखा स्वतःच्या वाऱ्याने आपल्या रोधकाला थंड ठेवतो. रोधक अतिशय तापला तर मार्ग तोडणारा एक उष्णताफ्यूजही त्यावर बहुधा असतो. तो तुटला की मंद गती साऱ्या नाहीशा होतात व केवळ सर्वाधिक गती शिल्लक राहते.

आता लक्षणे वाचता येतात. पंखा फक्त सर्वाधिक गतीवर चालत असेल, तर मोटर, मुख्य फ्यूज व मोटरीपर्यंतचा मार्ग ठीक आहेत आणि दोष रोधकात किंवा त्याच्या जोडणीत आहे. मधली एखादीच गती गेली असेल, तर एखादे वेटोळे अथवा बटणातील एखादा संपर्कबिंदू गेला आहे. मंद गती चालतात पण सर्वाधिक चालत नाही, असे असेल तर बटणाचा त्या गतीचा संपर्क किंवा त्या गतीसाठी वेगळा ठेवलेला रिले पाहावा. कप्प्याखाली हाताने हलकेच ठोकल्यावर पंखा सुरू होत असेल, तर मोटरीतील कार्बनचे ठोकळे झिजले आहेत याबद्दल फारशी शंका राहत नाही. चालू करताच फ्यूज जळत असेल तर कोठेतरी तार सांगाड्याला चिकटली आहे. दहा-पंधरा मिनिटांनी जळत असेल तर मोटर ओझ्याखाली आहे. ज्या नव्या गाड्यांत गतीचे नियंत्रण ट्रान्झिस्टरने होते त्यांना हे सर्व नियम लागू पडत नाहीत.

जुन्या युरोपीय बनावटीच्या गाड्यांत टोकदार, चिनीमातीचे फ्यूज असत. त्यांच्या टोकांवर गंज चढून संपर्क सुटतो; फ्यूज जागच्या जागी फिरविला तरी पुष्कळदा वीज परत येते. फ्यूज जळाल्यावर त्याजागी तांब्याची तार किंवा सिगरेटच्या पाकिटातील वर्ख गुंडाळण्याची एक वाईट चाल आपल्याकडे आहे. फ्यूज तारेचे रक्षण करण्यासाठी असतो. त्याच्या जागी न वितळणारा धातू घातला, तर वितळण्याचे काम दर्शनी फलकामागील तारांना करावे लागते.

मोजमाप

पंखा कोणत्याच गतीवर हलत नसेल तर भाग एकामागून एक बदलत बसणे हा खर्चिक मार्ग होय. मंडलाच्या मध्यावर एक मोजमाप केले की अर्धे मंडल संशयातून मुक्त होते. हा मध्य म्हणजे मोटरीची जोडणी. किल्ली चालू ठेवावी, बटण सर्वाधिक गतीवर न्यावे, आणि जोडणी न काढता व्होल्टमापकाची काळी तार स्वच्छ सांगाड्यास लावून लाल तारेने मोटरीच्या दोन्ही टोकांवरील दाब पाहावा. दोन्हीकडे शून्य असेल तर वीज मोटरीपर्यंत पोचतच नाही: फ्यूज, रिले, किल्ली यांकडे जावे. दोन्हीकडे १२ व्होल्ट असतील तर वीज मोटरीतून पार झाली आहे, पण तिला पुढे सांगाड्यात उतरण्यास वाट नाही: बटण अथवा अर्थिंग पाहावे. एकीकडे १२ व दुसरीकडे शून्य असेल तर दोन्ही बाजूंचे मार्ग निर्दोष असून मोटरच आतून तुटली आहे. दोन-तीन मिनिटांचे हे काम आहे. ज्या गाडीत सुरक्षा-पिशवी बसविलेली आहे तेथे पिवळ्या आवरणातील तारांना मात्र मापकाचे टोक कदापि लावू नये.

मापकाचाही एक भुलवणारा गुण आहे, आणि अनुभवी माणसेही त्याला फसतात. जोडणी मोटरीपासून काढून तिच्या टोकावर दाब मोजला तर तो १२ व्होल्ट दिसतो, आणि तपासणारा निश्चिंत होतो. परंतु त्या वेळी मंडलातून प्रवाह जवळजवळ वाहतच नसतो. ओहमच्या नियमाप्रमाणे रोधावरील दाब हा प्रवाह आणि रोध यांचा गुणाकार. प्रवाह नाही तर घटही नाही. गंजलेल्या स्क्रूमागे शेकडो ओहम रोध दडलेला असला तरी मापक आनंदाने १२ व्होल्ट दाखवितो. पंखा जोडून त्याला चालण्यास लावल्याखेरीज मार्गाची खरी परीक्षा होत नाही. साधा दिव्याचा टेस्टलॅम्प या बाबतीत महागड्या मापकाहून कधी कधी प्रामाणिक ठरतो, कारण तो स्वतः थोडा तरी प्रवाह ओढतो.

पंखा चालू असताना मापकाची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला व दुसरी पंख्याच्या अर्थिंगच्या तारेला लावावी. मार्ग चांगला असेल तर मापक दोन-तीन दशांश व्होल्टपलीकडे जाणार नाही. तो दीड व्होल्ट दाखवीत असेल आणि प्रवाह १५ अँपिअर असेल, तर वाटेत एक-दशांश ओहम एवढा अनाहूत रोध आहे. एक-दशांश ओहम ऐकावयास क्षुल्लक वाटतो. पण जेम्स जूल याने १८४० च्या सुमारास दाखवून दिल्याप्रमाणे उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १५ चा वर्ग २२५; त्याचा एक-दशांश म्हणजे साडेबावीस वॉट. एवढी उष्णता एका खिळ्याएवढ्या पितळी टोकावर, प्लॅस्टिकच्या आवरणात, तासन्‌तास निर्माण होत राहिली म्हणजे ते आवरण प्रथम तपकिरी होते, मग मऊ होते आणि शेवटी जळका वास गाडीत पसरतो. तरीही ३० अँपिअरचा फ्यूज शाबूतच राहतो, कारण प्रवाह कोठेही वाढलेला नसतो; उलट थोडा कमीच झालेला असतो. हा दोष फ्यूजला दिसत नाही. तो डोळ्यांनी व नाकानेच शोधावा लागतो.

रोधक पुन्हा पुन्हा का जळतो

गॅरेजांत वरचेवर येणारे एक प्रकरण असे. गाडी पंधरा वर्षांची. पंखा केवळ सर्वाधिक गतीवर चालतो. कारागीर लक्षणावरून बरोबर ताडतो की, रोधक जळाला. नवा रोधक बसतो, सर्व गती परत येतात. दोन-तीन महिन्यांनी तीच तक्रार. दुसरा रोधक बसतो, तोही टिकत नाही. माल बनावट आहे, असे म्हणून तिसरा मागविला जातो. येथे निदान अपुरे आहे. रोधक जळाला हे खरे. पण त्याला जाळले कोणी, हा प्रश्न विचारलाच गेला नाही.

वरील आकड्यांकडे परत जावे. मंद गतीत मोटरीस ६ व्होल्टच मिळतात व तिची फिरविण्याची शक्ती बेताची असते. मोटरीच्या दांड्याचे बुश कोरडे पडले असेल, त्यातील वंगण थंडीच्या सकाळी घट्ट झाले असेल किंवा पात्यांत एखादे पान अडकले असेल, तर या गतीवर पंखा सुटतच नाही. फिरणारी मोटर प्रवाहाला स्वतः विरोध निर्माण करते. थांबलेली मोटर तो करीत नाही. तिच्या वेटोळ्याचा रोध एक-तृतीयांश ओहम धरला, तर प्रवाह ४ अँपिअरवरून ६ वर जातो. दीडपट प्रवाह म्हणजे सव्वादोन पट उष्णता: ३२ वॉटच्या जागी ७२. आणि जो वारा ही उष्णता वाहून नेणार तोच नेमका थांबलेला असतो. ६ अँपिअर हा प्रवाह फ्यूजच्या दृष्टीने नगण्य आहे. काही मिनिटांतच उष्णताफ्यूज आपले कर्तव्य करतो व मंद गती नाहीशा होतात. चालक बटण पुढे फिरवितो, पूर्ण दाबाने मोटर सुटते, कदाचित किंचित किंचाळतेही, आणि सर्वांचा समज होतो की, मोटर उत्तम आहे.

म्हणून नवा रोधक बसविण्यापूर्वी मोटर बाहेर काढावी. बहुतेक जुन्या गाड्यांत ती तीन स्क्रू व एक जोडणी एवढ्यावरच टांगलेली असते. बॅटरीची ऋण तार आधी सोडावी. पाती हाताने फिरविली असता ती सहज फिरून थोडी पुढे घरंगळत गेली पाहिजेत. बोट काढताच ती थबकली, तर बुश दोषी आहे. दांडा आजूबाजूला हलवून पाहावा. पोकळीतील पाने, माती व उंदराचे सामान काढून टाकावे. कार्बनचे ठोकळे अखूड झाले असतील तर ते, आणि दांड्याला खेळ आला असेल तर पूर्ण मोटर बदलावी. कोरड्या बुशावर तेलाचे दोन थेंब सोडणे हा काही आठवड्यांचा उपाय आहे. रोधकाच्या जोडणीचे प्लॅस्टिक करपले असेल तर ती जोडणीही बदलावी. करपलेल्या जोडणीतील पितळी टोकांची पकड गेलेली असते व नव्या रोधकालाही ती तापवीतच राहते.

सर्व पुन्हा जोडल्यावर प्रवाह मोजून पाहणे उत्तम. सामान्य मापकाची मर्यादा बहुधा १० अँपिअर असते आणि सर्वाधिक गतीवर पंखा त्याहून बराच अधिक प्रवाह घेऊ शकतो. तेव्हा तारेभोवती कवळी घालून मोजणारा क्लॅम्प-मापक वापरावा, आणि तो एकदिश प्रवाह मोजणारा आहे याची खात्री करून घ्यावी. प्रत्येक गतीचा आकडा गाडीच्या वहीत तारखेसह लिहून ठेवला, तर पुढील वर्षी त्याच्याशी तुलना करता येते. आकडा चढू लागला की, रोधक जळण्याच्या बऱ्याच आधी मोटर जड चालल्याचे कळते. राहिली काचेच्या तळाशी असलेली जाळी. तिच्याखाली बारीक छिद्रांची दुसरी जाळी बसवून घेण्यास फारसा खर्च येत नाही. ती पावसाळ्याच्या आधी व पानगळीनंतर झाडून काढावी.